हॉटेलचं क्रेडिट कार्ड घ्यावं, की तेवढे पैसे घालून एक रात्र राहूनच यावं?

रंगवाला फोंडा · २० जून २०२४, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगतो. सकाळपासून पाऊस कोसळतोय आणि दुकानात चिटपाखरू नाही.

तिस्कापासून जवळच आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान, वडिलांच्या वेळेपासूनचं. गेल्या महिन्यात लग्नाला २५ वर्षं झाली. पण मे महिना म्हणजे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची घाई. त्या दिवशी मी साडेतीनला जेवलो, संध्याकाळी दोघं मंगेशीला जाऊन आलो, येताना म्हार्दोळला अबोलीची माळ घेतली, झाले आमचे पंचवीस. बायकोनं तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

आता गोष्ट अशी की पणजीत काम असलं की आम्ही मिरामारला भेळ खायला जातो. कांपालकडून जाताना ते मॅरियट हॉटेल लागतं. दरवेळी ती मान वळवून म्हणते, "आतून कसं असेल हो?" मीही दरवेळी "जाऊ एकदा" म्हणतो. आता त्या "एकदा"लासुद्धा पोर झालं असतं.

पुण्याला भाचा आहे, आयटीत. तो म्हणाला, मामा, मॅरियटच्या बॉन्वॉय या सभासद योजनेचं एचडीएफसीवालं कार्ड घ्या. गेल्या वर्षी ऑगस्टात निघालंय. वर्षाची फी ३,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. त्यावर एक फुकट रात्र मिळते, ज्याची खोली त्यांच्या १५,००० पॉइंटपर्यंत मिळते अशा हॉटेलात. दर वर्षी फी भरली की पुन्हा एक. शिवाय सिल्व्हर मेंबर, शिवाय विमानतळावरचे लाउंज देशात १२ वेळा, परदेशात १२ वेळा. मी म्हटलं, मी विमानात शेवटचा बसलो तो २०१९ साली, रंगाच्या कंपनीनं बँकॉकला नेलं तेव्हा. तो म्हणाला, मामा, ते सोडा, रात्र बघा.

रात्र बघतोय म्हणूनच विचारतोय.

माझा संशय वेगळ्या ठिकाणाहून येतो. मी स्वतः पॉइंटवरच जगतो. रंगाच्या बादलीत पेंटरसाठी टोकन असतं, तुम्हांला ठाऊक असेल. घरमालकाला वाटतं पेंटरनं रंग निवडला. पेंटरनं टोकन निवडलेलं असतं. वीस लिटरच्या जागी चार-चार लिटरचे डबे घेणारे पेंटर मी पाहिलेत, का, तर तेव्हा छोट्या डब्यावरची स्कीम चांगली होती. आणि टोकन साठवून मिक्सर आणणारा पेंटर मला पेढे देऊन गेलाय. त्याच्या मिक्सरचे पैसे कुणाच्या भिंतीवर लागले ते मला माहीत होतं, मी पेढा खाल्ला. तर आता काउंटरच्या पलीकडे मीच उभा आहे असं वाटतं.

आमचा खर्च सांगतो. कंपन्यांचे पैसे बँकेतून थेट जातात, ते कार्डावर येणार नाहीत. घरातलं किराणा, मुलीची पुण्यातली मेस आणि पुस्तकं, विमा, फोन, वर्षाकाठी थोडा प्रवास, सगळं ओढूनताणून वर्षाला ३ लाख कार्डावर जाईल. पुण्याला वर्षातून तीनदा तरी जातो, बहुतेक कदंबने रात्रीचे, नाहीतर गोवा एक्स्प्रेसने. उतरतो भाच्याकडे. बाकी आमचा प्रवास म्हणजे कोल्हापूर, नरसोबावाडी, एखादं वर्ष गाणगापूर. तिथं आम्ही भक्तनिवासात राहतो आणि मजेत राहतो.

मग घ्यावं का? आणखी एक, हसू नका. आम्ही गोव्याचे. गोव्याचं आधार कार्ड दाखवलं तर लहान हॉटेलवाले "लोकलला रूम नाही" म्हणतात असं ऐकून आहे. पन्नाशीत बायकोबरोबर रिसेप्शनवरून परत यायची वेळ आली तर फोंड्यात तोंड दाखवायला नको.

---

पॉइंटपुराण · २० जून, संध्याकाळी ७:४५

काका, तुमचा टोकनवाला परिच्छेद फ्रेम करून लावावा असा आहे. मी पुण्याचा, सात कार्डं बाळगतो, आई मला वेडा म्हणते. तुमच्या ३ लाखांचा हिशेब मांडतो.

या कार्डावर मॅरियटच्या हॉटेलात दर १५० रुपयांना ८ पॉइंट, प्रवास, बाहेरचं जेवण, करमणूक यांवर ४, बाकी सगळीकडे २. तुमचा प्रवास-जेवण ४० हजार धरला तर १,०६६ पॉइंट. उरलेल्या २ लाख ६० हजारांवर ३,४६६. वर्षाचे साडेचार हजार झाले. मी एक पॉइंट ६० पैशांना धरतो, म्हणजे २,७०० रुपयांच्या आसपास. साधं एक टक्का परत देणारं कार्ड तुम्हांला तेवढ्याच खर्चावर रोख ३,००० देईल, आणि त्या रोकड्यात तुम्ही नारळ घ्या नाहीतर नुस्तं, म्हणजे मासळी. तेव्हा पॉइंट मोजूच नका. जे काय आहे ते त्या एका रात्रीत आहे.

रात्र १५,००० पॉइंटची, म्हणजे माझ्या मापानं ९,००० ची. ३,५४० देऊन ९,००० ची वस्तू. पण तिला तीन खिळे आहेत. एक, २०२२ पासून मॅरियटनं पॉइंटचे ठरलेले तक्ते काढून टाकले. दर मागणीप्रमाणे हलतो. आज १४,००० ला दिसणारी खोली शनिवारी २५,००० ला दिसेल. तुमच्याकडचे १५,००० पर्यंत पॉइंट वर घालता येतात, पण तुमचे साडेचार हजार जमायलाच वर्ष जाणार. दोन, त्या फुकट रात्रीचं सर्टिफिकेट हातात पडायला काही आठवडे जातात आणि मग त्याची मुदत एक वर्ष. तीन, त्यात फक्त खोली. ब्रेकफास्ट, जेवण वेगळं.

६ लाख खर्चाला दुसरी रात्र, ९ लाखांना तिसरी, १५ लाखांना चौथी अशी शिडी आहे. भाचा आता सांगेल की दुकानाची खरेदी कार्डावर फिरवा. फिरवू नका. वैयक्तिक कार्डावर धंद्याचा माल बँकांना चालत नाही, कार्ड बंद होऊ शकतं आणि पॉइंटही जाऊ शकतात.

आणखी एक गोष्ट जी जाहिरातीत बारीक असते. हे कार्ड डायनर्स क्लबच्या नेटवर्कवर चालतं. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडायचं तर रुपेचं लागतं, हे जोडता येत नाही. फोंड्यात तुमचा किराणेवाला, नुस्तेकार, न्हावी सगळे क्यूआर कोड दाखवत असतील. मग तुमचे ते ३ लाख खरंच ३ लाख आहेत का?

ताज आवडत असेल तर अमेक्सचं (अमेरिकन एक्सप्रेस) प्लॅटिनम ट्रॅव्हल कार्ड बघितलं असतंत, सध्या, २०२४ मध्ये, वर्षात ४ लाख खर्चले की ताजचं १०,००० चं गिफ्ट कार्ड मिळतं. पण ४ लाख तुमचे होत नाहीत, आणि अमेक्स फोंड्यात किती दुकानं घेतील ते तुम्हीच सांगा.

---

रंगवाला फोंडा · २० जून, रात्री ९:२०

क्यूआरचं बरोबर. आत्ता वही काढून बसलो. किराणा, दूध, भाजी, नुस्तं, गॅस, सगळं फोनवरून जातं. मुलीची मेसवाली बाईसुद्धा जीपेच मागते. उरले ते विमा, ऑनलाइन, पुस्तकं. सव्वा लाख होईल की नाही शंका आहे. तीन लाखांचा आकडा मी कुठून आणला देव जाणे. कार्डासाठी खर्च मोठा दाखवायची हौस मलाच होती बहुतेक.

---

रात्रपाळी · २१ जून, रात्री १:३५

रंगवालेबाब, तुमच्या आधार कार्डाचं आधी सांगतो म्हणजे झोप लागेल. मी पेडण्याचा. बार्देशात एका मोठ्या साखळीच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला नऊ वर्षं काढली, त्यातली पाच नाइट ऑडिटला, म्हणजे रात्रीच्या हिशेबाला. नाव लिहीत नाही. लोकल आयडीवरून मी एकाही नवरा-बायकोला परत पाठवलं नाही. तो त्रास लहान लॉजवर होतो. तुमच्याकडे कुणी लग्नाचं सर्टिफिकेट मागणार नाही, पंचवीस वर्षं झालेली जोडी लांबून ओळखता येते. एकजण बॅगा उचलतो आणि दुसरी सांगते कुठली आधी उचल.

आता सिल्व्हर. दहा रात्री राहिलं की सिल्व्हर मिळतं, पंचविसाला गोल्ड, पन्नासाला प्लॅटिनम. कार्डावर त्या दहा रात्री बसल्याजागी खात्यात येतात. सिल्व्हरचा पाहुणा आला की आम्ही हसून "थँक यू फॉर युअर लॉयल्टी" म्हणायचो, आणि उशिरा चेकआउट मागितला तर खोली रिकामी असेल तर द्यायचो. खरं सांगू, रिकामी असेल तर ज्यानं नीट विचारलं त्या कुणालाही द्यायचो. ब्रेकफास्ट फुकट, जमलं तर स्वीट हा मान प्लॅटिनमपासून. सिल्व्हरवाल्यांपैकी काही जण काउंटरवर जो आवाज चढवायचे तो प्लॅटिनमवाल्यांनी कधी चढवला नाही.

फुकट रात्रीचं आतलं गणित ऐका. तुम्ही पॉइंटवर राहिलात की हॉटेलला साखळीकडून पैसे मिळतात. हॉटेल ओस असेल तर ते थोडे असतात, भरत आलं असेल तर जास्त. पॉइंटवर बंद दिवस नाहीत असं छापलेलं असतं, पण पॉइंटवर मिळते ती साधी खोली, आणि साध्या खोल्या किती ठेवायच्या यावर दर ठरवणारा रेव्हेन्यूवाला दिवसभर बसलेला असतो. २० डिसेंबर ते ५ जानेवारीत माझ्याकडे सर्टिफिकेट घेऊन लोक फोन करायचे. दिल्लीचे, सुरतचे, पुण्याचे. मी कॅलेंडर उघडून जानेवारीचा तिसरा आठवडा दाखवायचो. एका बाईनं तर फोनवर रडायला सुरुवात केली, ३१ डिसेंबरला तिच्या सर्टिफिकेटची मुदत संपत होती. तिला मी काही देऊ शकलो नाही. ती रात्र आठवली की अजून वाईट वाटतं.

पण बाब, तुम्ही गोव्यात राहता. ही एवढी मोठी गोष्ट तुमच्या ध्यानात कशी आली नाही? सगळं जग डिसेंबरात येतं, तुम्हांला डिसेंबराची काय पडलीय. पावसात मधल्या वारी, मंगळ-बुधला, ही हॉटेलं अर्धी रिकामी असतात. खोलीच्या किमती उतरतात, स्टाफला बोलायला वेळ असतो, स्विमिंग पूलवर तुम्ही दोघंच. सध्या, २०२४ मध्ये, ७,५०० च्या वर दर गेला की १८ टक्के जीएसटी, त्याच्या आत राहिला तर १२. पावसात ती रेषा ओलांडायची की नाही हे तुमच्या हातात असतं. पुण्याहून येणाऱ्याला विमान, टॅक्सी, रजा. तुम्हांला फोंड्याहून तास-दीड तास.

कार्ड काढलंतच तर वेळ मोजा. आज अर्ज केला तर कार्ड जुलैत, सर्टिफिकेट सप्टेंबराच्या आसपास. ७ सप्टेंबरला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मग दसरा, दिवाळी, मग सीझन. म्हणजे तुमची रात्र पुढच्या जूनलाच. बायकोला सांगा, सव्विसावा साजरा करू.

---

न्यूजर्सीवाली · २१ जून, सकाळी ८:०५

माहेर गोव्यातल्या साखळी गावचं, आता इकडे न्यू जर्सीत. अमेरिकेतल्या कार्डांची जाहिरात भारतातले भाचे बघतात आणि गोंधळ होतो, म्हणून दोन ओळी. माझ्याकडे हिल्टनचं अस्पायर आहे, फी वर्षाला ५५० डॉलर. त्यावर एक फुकट रात्र, वरची डायमंड पायरी, ठरलेल्या रिसॉर्टांत ४०० डॉलर परत, पण सहा-सहा महिन्यांचे दोनशे-दोनशे करून, विमानाचे २०० परत, पण तीन-तीन महिन्यांचे पन्नास-पन्नास करून. कागदावर फी केव्हाच वसूल. प्रत्यक्षात मार्च संपत आला की मी रात्री अकराला विमानाच्या साइटवर पन्नास डॉलर कुठे घालू ते शोधत बसते. नवरा म्हणतो, तू नोकरी करतेस की कार्डाची नोकरी करतेस. हे कार्ड इथल्या राहणाऱ्यांसाठी, तुम्हांला मिळणारही नाही. मी ठेवलंय कारण मी खरंच वर्षातून दोन वेळा त्या हॉटेलांत पैसे देऊन राहिलेच असते.

---

निवृत्त मास्तरीण मडगाव · २१ जून, सकाळी १०:५०

मी मुलांना गणित शिकवलं आणि स्वतःच्या कार्डाचं गणित साठीत शिकले, म्हणून लिहिते. बँकेचं नाव नको. यजमानांच्या ऑपरेशनच्या महिन्यात बिलातले ६०,००० भरायचे राहिले. मी "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरली आणि निर्धास्त झाले. त्या महिन्याला ३.६ टक्क्यांनी २,१६० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २,५४९ रुपये. एका महिन्याचे! वर नवीन खरेदीवर जी पन्नासेक दिवसांची बिनव्याजी सूट असते ती पूर्ण थकबाकी फिटेपर्यंत गेली, तेव्हा नंतर आणलेल्या औषधांवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागलं. हे कुणी सांगत नाही, छापलेलं असतं.

रंगवाले, तुमचा धंदा उधारीवर चालतो. कॉन्ट्रॅक्टर तुम्हांला दोन महिन्यांनी पैसे देतो, कार्ड दोन महिने थांबत नाही. एक महिना चुकलात तर असंच व्याज भरत बसाल आणि रात्र राहील बाजूला. सगळं बिल आपोआप खात्यातून जाईल अशी सोय केल्याशिवाय कार्ड घरात आणू नका.

---

पॉइंटपुराण · २१ जून, दुपारी १:१५

मावशींचं शंभर टक्के. आणि काका, घेतलंत आणि पस्तावलात तर घाबरायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे: देणं काही नसेल तर बंद करायची विनंती केल्यापासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर बँकेनं दिवसाला ५०० रुपये तुम्हांला द्यायचे. पण बंद करायच्या आधी दुसऱ्या वर्षाची फी लागली का ते बघा.

मी स्वतः हे कार्ड ठेवलंय आणि ठेवणार. मला कामासाठी महिन्यातून एकदा मुंबई-बंगळुरू असतं, त्यातल्या एक-दोन रात्री मी स्वतःच्या खिशातून देतो. त्यातली एक सर्टिफिकेटवर काढली की फी फिटली. तुमची अशी पैसे देऊन काढायची रात्र वर्षात कुठली? वाडीला हे हॉटेल नाही, गाणगापूरला नाही. पुण्यात ढिगानं आहेत, पण तिथं तुम्ही भाच्याकडे उतरता. एकच उरते, मिरामारची. आणि तीही एकदाच आत बघायची आहे, दर वर्षी नाही.

कार्ड न घेता एक करा. बॉन्वॉयचं सभासदत्व फुकट आहे, फोनवर दोन मिनिटांत होतं. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून काढलंत तर सभासदाचा दर थोडा कमी लागतो, वायफाय फुकट आणि पॉइंटही मिळतात. दुसऱ्या साइटवरून काढलंत तर यातलं बहुतेक जातं.

---

रंगवाला फोंडा · २३ जून, रात्री १०:०५

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काल संध्याकाळी मी हे सगळं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. पेंटरच्या टोकनाला हसली. मास्तरीणबाईंच्या २,५४९ ला गप्प झाली. रात्रपाळीनं "बॅगा उचलतो" लिहिलंय तिथं माझ्याकडे बघून म्हणाली, हा माणूस आपल्याला कुठे भेटला होता का?

मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही कार्ड आलं असतं तरच नेणार होतात?"

याला उत्तर नाही. मी ऑगस्टात नेतो म्हणालो, तर तिनं लगेच बोटं मोजली. ऑगस्टात चवथीआधी अख्खा फोंडा घरं रंगवायला काढतो, तुम्ही दुकान सोडणार? आणि ५ ऑगस्टला श्रावण लागतो, मग मी तिथल्या बुफेत काय खाऊ, पापड? तिचं सगळं ठरलेलं होतं, फक्त मला विचारायचं बाकी होतं असं दिसतं.

तेव्हा १० जुलै, बुधवार. मुलीनं पुण्याहून फोनवर सभासद करून दिलं, माझ्याच नावावर. खोली पैसे देऊन काढली, नुसत्या खोलीचा दर घेतला. ब्रेकफास्ट तिनंच नको म्हटलं, सकाळी पणजीत भाजीपाव खाऊ म्हणाली. दुकान त्या दिवशी धाकटा भाऊ बघेल. भाच्याला कळवलं. तो म्हणतो, मामा, तुम्ही १५,००० पॉइंटवर पाणी सोडलंत. मी म्हटलं, सोडलं.

रात्रपाळीबाब, एकच राहिलं. दुसऱ्या दिवशी खोली किती वाजेपर्यंत मागू? तिला दुपारी पाऊस खिडकीतून बघायचाय म्हणते. घरी काय पाऊस दिसत नाही का, पण असो.

---

रात्रपाळी · २४ जून, रात्री २:१०

चेकइनच्या वेळीच मागू नका, तेव्हा सगळेच मागतात आणि काउंटरवरचा पोरगा सवयीनं "बघतो सर" म्हणतो. रात्री नऊनंतर खाली या, गर्दी नसते, उद्याच्या येणाऱ्यांची यादी त्याच्यासमोर उघडी असते. दोन वाजेपर्यंत मागा. गुरुवार आहे, पाऊस आहे, देईल. पंचवीस वर्षांचं सांगा, पण बायको शेजारी उभी असताना.

नदीच्या बाजूची खोली मागायला विसरू नका. ती मात्र चेकइनलाच.